कीपासएक्ससी-ब्राउझर : लिनक्सवर चालते, पण कोणत्या फायरफॉक्समध्ये?

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची मुदत संपली आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे अनेक धडधाकट लॅपटॉप लिनक्सकडे वळू लागले. अशा लॅपटॉपवर उबुंटू किंवा मिंट असे लिनक्सचे वितरण बसवून झाले, मराठी टायपिंग सुरू झाले, प्रिंटरही ऐकू लागला, की पुढचा प्रश्न बहुधा पासवर्डांचा येतो. पासवर्ड ब्राउझरच्याच हवाली करायचे नसतील आणि कोणत्या कंपनीच्या सर्व्हरवरही ठेवायचे नसतील, तर कीपासएक्ससी हे मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर व त्याला फायरफॉक्स किंवा क्रोमशी जोडणारे कीपासएक्ससी-ब्राउझर हे एक्स्टेंशन ही जोडी लिनक्सवरच्या पर्यायांत मला सर्वांत भरवशाची वाटते. हे परीक्षण त्या जोडीचे, आणि त्यातही त्यांच्या जोडणीचे आहे. दोन्ही भाग आपापल्या जागी उत्तम आहेत. ते एकमेकांना सापडतात की नाही, हे मात्र ब्राउझर आपल्या संगणकावर कोणत्या वाटेने आला यावर ठरते, आणि नेमकी हीच गोष्ट एक्स्टेंशनच्या पानावर वाचायला मिळत नाही.

कीपासएक्ससी हा कीपासएक्स या जुन्या प्रकल्पाचा २०१६ मध्ये फुटलेला फाटा आहे. मूळ प्रकल्पाचे काम मंदावले तेव्हा काही स्वयंसेवकांनी ते पुढे नेले, आणि आज मूळ प्रकल्पापेक्षा हा फाटाच अधिक ओळखला जातो. सर्व पासवर्ड केडीबीएक्स प्रकारच्या एकाच फाइलमध्ये राहतात. ती फाइल एईएस-२५६ किंवा चाचा२० या पद्धतीने कूटबद्ध होते आणि मुख्य पासवर्डपासून किल्ली तयार करण्यासाठी आर्गॉन२ वापरले जाते. २०२३ मध्ये २.७.४ या आवृत्तीचे एक स्वतंत्र सुरक्षा परीक्षणही प्रसिद्ध झाले. ही फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा, सिंकथिंगने फोनवर न्या, अँड्रॉइडवर कीपासडीएक्समध्ये उघडा; ती तुमची आहे आणि तिच्यासाठी कोणाकडे खाते काढावे लागत नाही. नोंदींची नावे देवनागरीत ठेवता येतात आणि शोधताही येतात, हा आपल्यासाठी लहानसा पण रोजचा फायदा.

आता जोडणीकडे वळतो, कारण सगळी गुंतागुंत तिथेच आहे. फ्लॅशसारखे जुने प्लगइन ब्राउझरच्या आतच चालत, ब्राउझरला कोसळवत आणि त्याच्या सुरक्षेला भोकेही पाडत. मार्च २०१७ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ५२ ने फ्लॅश वगळता त्या सर्वांना दार बंद केले आणि जानेवारी २०२१ मधल्या ८५ व्या आवृत्तीने फ्लॅशलाही निरोप दिला. आजच्या एक्स्टेंशनला ब्राउझरबाहेरच्या प्रोग्रामशी बोलायचे असेल तर नेटिव्ह मेसेजिंग नावाच्या व्यवस्थेतून जावे लागते. एक्स्टेंशन ब्राउझरला विनंती करते, ब्राउझर एक ठरावीक छोटा प्रोग्राम स्वतः सुरू करतो आणि दोघांमध्ये स्टँडर्ड इनपुट व आउटपुटवरून जेसन या साध्या मजकुरी स्वरूपातले संदेश ये-जा करतात. प्रत्येक संदेशाच्या पुढे त्याची लांबी ३२ बिटांत लिहिलेली असते. कीपासएक्ससीच्या बाबतीत या मधल्या प्रोग्रामचे नाव कीपासएक्ससी-प्रॉक्सी. तो ब्राउझरकडून आलेला संदेश युनिक्स सॉकेटमधून (एकाच संगणकावरच्या दोन प्रोग्रामांना जोडणाऱ्या वाटेने) मुख्य अॅपला देतो आणि उत्तर परत आणतो.

फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेल्या २.३.० या आवृत्तीपूर्वी हेच काम कीपासएचटीटीपी पद्धतीने होत असे. त्या पद्धतीत पासवर्डचा कार्यक्रम संगणकावरच १९४५५ क्रमांकाचा पोर्ट उघडून बसे आणि एक्स्टेंशन त्याला एचटीटीपी विनंत्या पाठवी. ती जोडणी चटकन होई, हे खरे. पण त्याच संगणकावरचा दुसरा कोणताही प्रोग्राम तो पोर्ट ठोठावू शकत असे. नव्या रचनेत तसा उघडा पोर्ट नाही, सॉकेट फक्त त्या वापरकर्त्याच्या फोल्डरात असते आणि त्याशिवाय एक्स्टेंशन व अॅप यांच्यातला प्रत्येक संदेश वेगळा कूटबद्ध होतो. त्यामुळे पुढे सांगितलेली खटपट करावी लागली तरी ही रचना मला योग्य वाटते आणि जुन्या सोयीबद्दल हळहळ वाटत नाही.

ब्राउझरला हा मधला प्रोग्राम सापडतो तो एका छोट्या फाइलमुळे. होम फोल्डरमध्ये नावापुढे टिंब असलेले ‘मोझिला’ हे लपलेले फोल्डर असते, त्यात नेटिव्ह-मेसेजिंग-होस्ट्स नावाचे उपफोल्डर, आणि त्यात ही जेसन फाइल. उघडून पाहिली तर मोजक्याच ओळी दिसतात : नाव, वर्णन, प्रॉक्सी डिस्कवर नेमका कुठे आहे तो पत्ता, संवादाचा प्रकार, आणि कोणत्या एक्स्टेंशनला त्याच्याशी बोलायची मुभा आहे त्याचा उल्लेख. ही फाइल हाताने लिहावी लागत नाही. अॅपच्या सेटिंगमध्ये ‘ब्राउझर इंटिग्रेशन’ सुरू करून आपल्या ब्राउझरच्या नावापुढे खूण केली, की अॅप ती योग्य जागी लिहून ठेवते. क्रोम, क्रोमियम, ब्रेव्ह यांच्यासाठी तशीच फाइल त्यांच्या त्यांच्या कॉन्फिग फोल्डरात जाते. जोडणी होत नसेल तेव्हा सर्वप्रथम ही फाइल पाहावी आणि तिच्यातल्या पत्त्यावर प्रॉक्सी खरोखर आहे का ते तपासावे. निम्म्या अडचणींचे उत्तर इथेच मिळते.

लिनक्स मिंट, फेडोरा आणि डेबियन यांच्यात फायरफॉक्स साध्या डेब किंवा आरपीएम पॅकेजच्या (वितरणाच्या नेहमीच्या इन्स्टॉल-फाइलीच्या) रूपात येतो. मिंटने तर जून २०२० मधल्या २० व्या आवृत्तीपासून स्नॅप या वेगळ्या पॅकेज-प्रकाराला (त्याविषयी पुढे) मुद्दाम दार लावले आहे. अशा ठिकाणी कौतुक करावे इतक्या सहज सगळे जुळते. अॅप वितरणाच्या भांडारातून (सॉफ्टवेअरच्या अधिकृत साठ्यातून) घ्यावे, एक्स्टेंशन मोझिलाच्या अॅड-ऑन पानावरून घ्यावे, वर सांगितलेली खूण करावी आणि एक्स्टेंशनच्या चिन्हावर टिचकी मारून ‘कनेक्ट’ म्हणावे. अॅप समोर येऊन या जोडणीच्या किल्लीसाठी एक नाव विचारते. ‘घरचा लॅपटॉप फायरफॉक्स’ असे ओळखू येईल असे नाव द्यावे, कारण पुढे दोन-तीन ब्राउझर जोडले की कोणती किल्ली कोणाची ते त्यावरूनच कळते. ही किल्ली डेटाबेसमध्येच नोंदली जाते आणि नको झाल्यास डेटाबेसच्या सेटिंगमधून काढून टाकता येते. मिंटवर एवढ्यावर काम संपते.

उबुंटूवर संपत नाही. २१.१० या आवृत्तीपासून उबुंटूने फायरफॉक्स स्नॅप रूपात द्यायला सुरुवात केली आणि एप्रिल २०२२ मधल्या २२.०४ पासून भांडारातले डेब पॅकेज केवळ नावापुरते उरले. ते बसवले तरी आतून स्नॅपच येते. स्नॅप म्हणजे कुंपणातला प्रोग्राम. त्याला कुंपणाबाहेरचा प्रोग्राम स्वतः सुरू करता येत नाही आणि होम फोल्डरमधल्या लपलेल्या फोल्डरांत डोकावताही येत नाही. नेटिव्ह मेसेजिंगला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात. म्हणून २२.०४ आली तेव्हा कीपासएक्ससीच नव्हे, तर नोम या उबुंटूच्या डेस्कटॉपची एक्स्टेंशन ब्राउझरमधून बसवण्याची सोयही त्याच कारणाने बंद पडली होती. वापरणाऱ्याला मात्र यातले काही दिसत नाही. त्याला दिसते ती टूलबारमधल्या चिन्हावरची फुली आणि ‘कीपासएक्ससीशी संपर्क होत नाही, सेटिंगमध्ये ब्राउझर इंटिग्रेशन सुरू आहे का पाहा’ अशा अर्थाचा संदेश. सेटिंग सुरूच असते. संदेश खोटा नाही, पण तो माणसाला भलत्याच खोलीत शोधायला पाठवतो, आणि या उत्पादनाविषयीची माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे : आपण स्नॅपमधल्या फायरफॉक्समध्ये आहोत एवढी शंका जरी त्या संदेशात व्यक्त केली असती, तरी पुष्कळांचा वेळ वाचला असता.

आपला फायरफॉक्स कुठला, हे ओळखण्यासाठी पत्त्याच्या जागी ‘अबाउट’, मग अपूर्णविराम आणि ‘सपोर्ट’ असे मधे जागा न सोडता लिहावे. उघडणाऱ्या पानावर अॅप्लिकेशन बायनरीच्या ओळीत जो मार्ग दिसतो त्याची सुरुवात ‘स्नॅप’ने होत असेल तर पुढचा मजकूर तुमच्यासाठी आहे.

उबुंटूने नंतर या अडचणीवर पोर्टलचा मार्ग काढला. कुंपणातला फायरफॉक्स प्रॉक्सी स्वतः सुरू न करता एक्सडीजी डेस्कटॉप पोर्टल या मध्यस्थाला विनंती करतो, मध्यस्थ वापरकर्त्याला परवानगी विचारतो आणि ती मिळाली तर प्रॉक्सी कुंपणाबाहेर सुरू करून दोघांमधली नळी जोडून देतो. परवानगीची ही खिडकी एक्स्टेंशनने पहिल्यांदा संपर्क साधताना येते. ती घाईघाईत नाकारली तर तो नकारही जतन होतो, खिडकी पुन्हा येत नाही आणि वर सांगितलेली फुली कायमची राहते. एक्स्टेंशन काढून पुन्हा टाकले तरी काही फरक पडत नाही, कारण नकार ब्राउझरमध्ये नव्हे तर पोर्टलच्या परवानग्यांच्या नोंदीत असतो. तो बदलायला टर्मिनलमध्ये ‘फ्लॅटपॅक’ या स्नॅपसारख्याच दुसऱ्या पॅकेज-पद्धतीच्या साधनाची ‘परमिशन-सेट’ ही कमांड वापरावी लागते, ज्यात ‘वेबएक्स्टेंशन्स’ हा तक्ता, कीपासएक्ससीच्या जेसन फाइलचे नाव आणि ‘स्नॅप.फायरफॉक्स’ हे अॅपचे नाव देऊन शेवटी ‘यस’ लिहायचे. स्नॅपची परवानगी बदलायला फ्लॅटपॅकचे साधन बसवावे लागावे, यावर हसावे की रडावे ते ज्याचे त्याने ठरवावे.

पोर्टलचा मार्ग चालतो. मुख्य अॅप डेब असेल आणि परवानगी दिलेली असेल तर रोजच्या वापरात तो जाणवतही नाही. तरीही ज्याला टर्मिनलची फारशी भीती नाही त्याने मोझिलाचा स्वतःचा डेब फायरफॉक्स घ्यावा, असे माझे मत आहे. उबुंटूत स्नॅप आणण्याची कल्पना मोझिलाकडूनच आली होती असे उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने त्या वेळी सांगितले होते. त्याच मोझिलाने जानेवारी २०२४ मध्ये, १२२ व्या आवृत्तीबरोबर, डेबियन आणि उबुंटू घराण्यासाठी आपले एपीटी (डेब पॅकेजे बसवणाऱ्या साधनाचे) भांडार खुले केले. त्यातला फायरफॉक्स कुंपणात नसतो, त्यामुळे नेटिव्ह मेसेजिंग मिंटवर चालते तसेच चालते.

इथे एक खाचखळगा आहे आणि तो नेमका समजून घ्यावा. उबुंटूच्या नावापुरत्या पॅकेजचा आवृत्ती क्रमांक ‘१:’ने सुरू होतो. अपूर्णविरामाच्या आधीचा हा आकडा एपीटीच्या हिशेबात पुढच्या सगळ्या आकड्यांपेक्षा वजनदार ठरतो, त्यामुळे मोझिलाचा फायरफॉक्स १२२ असो की १५०, एपीटीला उबुंटूचे पोकळ पॅकेजच अधिक नवे वाटते आणि पुढच्या अपडेटला ते स्नॅप परत आणून ठेवते. म्हणून एपीटीच्या प्रेफरन्सेस फोल्डरात तीन ओळींची एक फाइल करून मोझिलाच्या भांडाराला १००० ही प्राथमिकता द्यावी लागते. मोझिलाच्या मदत-पानावरच्या सूचनांत ही पायरी दिलेली आहे, पण ती मध्येच येते आणि ‘भांडार जोडले, आता झाले’ असे समजून तिथून पुढे सरकणारे फसतात. दुसरी गोष्ट, जुने बुकमार्क आणि इतिहास आपोआप येत नाहीत. स्नॅपचे प्रोफाइल होम फोल्डरातल्या ‘स्नॅप’ या फोल्डराच्या आत राहते, तर डेब फायरफॉक्स ते लपलेल्या ‘मोझिला’ फोल्डरात शोधतो; स्नॅप काढून टाकण्याआधी ते फोल्डर तिकडे नकलून घ्यावे.

ब्राउझर सुधारला तरी अॅप कुठून आले हा प्रश्न उरतोच. कीपासएक्ससीचे स्वतःचेही स्नॅप आहे, आणि ते घेतल्यास ब्राउझरसाठीची फाइल लिहायला प्रकल्पाने दिलेली वेगळी स्क्रिप्ट चालवावी लागते. माझ्या मते स्नॅप घेण्याचे खास कारण नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. अॅपइमेज (बसवावी न लागणारी एकच फाइल) चालते, पण त्या फाइलची जागा किंवा नाव बदलले की जेसन फाइलमधला पत्ता शिळा होतो. त्यासाठी सेटिंगमध्ये अॅप सुरू होताना पत्ता आपोआप ताजा करण्याचा पर्याय आहे, तो बंद करू नये. डेबियनवाल्यांसाठी वेगळीच गोष्ट : २०२४ मध्ये तिथल्या पॅकेज सांभाळणाऱ्याने अनस्टेबल (विकासाच्या) शाखेतल्या कीपासएक्ससीमधून ब्राउझर जोडणीसह नेटवर्कशी संबंधित सगळे भाग वगळले आणि संपूर्ण अॅप ‘कीपासएक्ससी-फुल’ या नावाने वेगळे ठेवले. मूळ प्रकल्पाच्या लेखकांना ते अजिबात रुचले नाही. सुरक्षेच्या दृष्टीने कमी भाग म्हणजे कमी धोका, हा त्यामागचा युक्तिवाद मला समजतो. पण चालू असलेली जोडणी एका अपडेटने नाहीशी करणे आणि नाव मात्र तेच ठेवणे हे वापरणाऱ्यावर अन्यायाचे आहे. सेटिंगमध्ये ब्राउझर इंटिग्रेशनचा विभागच दिसत नसेल तर हे पॅकेज तपासावे.

एकदा जोडणी झाली की मात्र तक्रारीला फारशी जागा राहत नाही. लॉगिनच्या चौकटीत छोटे हिरवे चिन्ह दिसते, त्यावर टिचकी मारली की नाव व पासवर्ड भरले जातात. पत्ता नोंदीशी जुळला तरच भरतात, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर एक्स्टेंशन गप्प बसते. हे गप्प बसणे मला भरण्याइतकेच मोलाचे वाटते. एखादे पान प्रथमच पासवर्ड मागते तेव्हा अॅप द्यायचा की नाही ते विचारते आणि निर्णय लक्षात ठेवायचा का तेही विचारते. नवीन खाते काढल्यावर नोंद जतन करण्याची पट्टी वर येते. दोन टप्प्यांच्या लॉगिनचा, दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा अंकी कोडही त्याच नोंदीत ठेवून भरता येतो, पण पासवर्ड आणि दुसरा टप्पा एकाच पेटीत ठेवण्यात दुसऱ्या टप्प्याचा बराचसा अर्थ जातो, म्हणून महत्त्वाच्या खात्यांसाठी मी ते करणार नाही. फायरफॉक्सची स्वतःची पासवर्ड जतन करण्याची सोय मात्र आधी बंद करावी, नाहीतर प्रत्येक लॉगिनला दोन पट्ट्या एकमेकींवर चढतात.

आपल्याकडच्या बँकांची पाने ही या एक्स्टेंशनची खरी कसोटी. माझे खाते असलेल्या एका बँकेच्या पानावर ग्राहक क्रमांक एका पानावर, पासवर्ड दुसऱ्या पानावर आणि मध्ये कॅप्चा, शिवाय पडद्यावरच्या कीबोर्डचा आग्रह, अशी रचना आहे. चौकटी ओळखण्यात एक्स्टेंशन तिथे गोंधळते आणि कॅप्चाच्या जागेतच ग्राहक क्रमांक टाकते. यावर उपाय आत आहे : एक्स्टेंशनच्या मेनूतून चौकटी स्वतः निवडण्याचा पर्याय घ्यावा, पान फिकट होते, मग नावाची चौकट कोणती आणि पासवर्डची कोणती ते टिचकीने दाखवायचे आणि निवड त्या पत्त्यापुरती जतन करायची. त्यानंतर दोन्ही पाने नीट भरली जातात. पेस्ट करायलाच बंदी घालणाऱ्या पानांवरही हा मार्ग बहुतेक वेळा चालतो, कारण एक्स्टेंशन पेस्ट न करता चौकटीत थेट मजकूर भरते.

कीपासएक्ससीमध्ये ऑटो-टाइप ही जुनी सोय आहे, ज्यात अॅप स्वतःच कळा दाबल्यासारखे करून कोणत्याही खिडकीत नाव व पासवर्ड उमटवते, आणि अनेक जण एक्स्टेंशनऐवजी त्यावरच भागवत असत. पण उबुंटूचा मुख्य डेस्कटॉप आता वेलँड या खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर चालतो आणि एका अॅपने दुसऱ्याच्या खिडकीत कळा दाबाव्यात हे वेलँडला मंजूर नाही, २.७ च्या मालिकेत ऑटो-टाइपचा भरवसा एक्स११ या जुन्या व्यवस्थेपुरताच आहे. त्यामुळे वेलँडवर एक्स्टेंशन ही चैन राहिलेली नाही. तीच मुख्य वाट आहे, आणि म्हणूनच वरची सगळी खटपट करण्यासारखी आहे.

ज्यांना हे सारे जड वाटते त्यांच्यासाठी बिटवॉर्डन आहे. त्याचे एक्स्टेंशन पासवर्ड स्वतःच सर्व्हरवरून आणते, नेटिव्ह मेसेजिंग त्याला फक्त बोटांच्या ठशाने उघडण्यासारख्या सोयींसाठी लागते, आणि म्हणून स्नॅपमध्येही ते विनातक्रार चालते. घरातल्या सर्वांचे फोन व लॅपटॉप एकाच वेळी जुळवायचे असतील तर मी त्याचीच शिफारस करीन. ज्याला फाइल आपल्या हातात हवी, नेट बंद असतानाही पासवर्ड हवेत आणि एक दुपार देण्याची तयारी आहे, त्याने कीपासएक्ससी घ्यावे. अॅप आणि एक्स्टेंशन मिळून पाचपैकी साडेचार. स्नॅपमधल्या फायरफॉक्सवर, पोर्टलच्या परवानगीसह, साडेतीन.

पासकी (पासवर्डऐवजी वापरायच्या कूट-किल्ल्या) वापरायच्या असतील तर आवृत्ती पाहून घ्यावी. ती सोय मार्च २०२४ मधल्या २.७.७ मध्ये आली, तर उबुंटू २२.०४ च्या भांडारात २.६.६ आणि २४.०४ च्या भांडारात २.७.६ आहे, म्हणजे दुसऱ्यात ती एका पायरीने हुकली. नवी आवृत्ती हवी असल्यास प्रकल्पाचे अधिकृत पीपीए (उबुंटूसाठीचे वेगळे भांडार) जोडावे. अॅप बदलले तरी ब्राउझरची जोडणी पुन्हा करावी लागत नाही, कारण तिची नोंद डेटाबेसमध्येच असते. स्नॅपचे कीपासएक्ससी आधीपासून असेल तर मात्र ते आधी काढावे, नाहीतर एक्स्टेंशनला उत्तर कोणते अॅप देत आहे ते कळायला मार्ग राहत नाही.